देवनागरी कुलूप

पैज अनिरुद्धरावांनीच लावली, मी फक्त काडी टाकली.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत सगळी जुनी मराठी घरं. अनिरुद्धराव बँकेतून रिटायर झाले आणि आपल्या लोकांच्या लग्नांसाठी वेबसाइट काढून बसले. मुलामुलींचे फोटो, पत्रिका, फोन नंबर, सगळं एका डेटाबेसात. पहिलं नाव घातलं स्वतःच्या लेकीचं, तिला न विचारता. हरिणी कॉलेजात शिकवते. रोज भांडायची, "अप्पा, माझं नाव काढा! गेटवरच्या वॉचमनलाही माझं नक्षत्र पाठ झालंय!"

"पासवर्ड माझ्याकडे. काढणार नाही," हे ठरलेलं उत्तर.

त्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर फिल्टर कापी पिताना मी म्हटलं, "राव, तो पासवर्ड कुणी पळवला तर?"

"डेय मुरली, पळवू दे की! अख्खा श्लोक आहे, देवनागरीत. तू न मी सोडून या गल्लीत देवनागरी वाचतं कोण? घरी मराठी बोलतात, पण वाचतात सगळे तमिळच. म्हणून तर फाइल उघडीच ठेवलीय, वेबसाइटवर फोटोंच्या फोल्डरात. विसरलो तर शोधायला नको."

मी हसू कपाआड लपवलं. कुलूप दाराला, किल्ली शेजारच्या खिळ्याला, आणि भरवसा काय, तर चोराला मराठी येत नाही!

"मग लावता पैज? मी फोनला हातही लावत नाही. देवनागरीचं अक्षर न येणारं माणूस उद्या सकाळच्या आत हरिणीचं नाव काढेल. हरलात तर कोपऱ्यावर आपल्या तंजावूरच्या डुलत्या मानेच्या बाहुलीसारखं बसायचं. कुणी काहीही विचारो, मान डोलवून हो!"

"आणि तू हरलास तर नवरदेव म्हणून तुझा फोटो टाकतो साइटवर. मग बायकोला तोंड दे!"

टाळी दिली आणि मी तडक त्यांच्याच स्वयंपाकघरात गेलो. कनकलता वैनी पोळ्या लाटत होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी हात धुतले, फोन घेतला. मी सांगत गेलो तसा हरिणीच्या फोटोच्या लिंकवरून फोल्डरचा पत्ता टाकला. लेकीच्या फोटोखालीच नवऱ्याची फाइल.

"अय्यो, मला ही अक्षरं म्हणजे मुरुक्कूच्या चकल्या दिसतात!"

"वाचायचं कशाला, वैनी? बोट दाबून धरा, कॉपी. आता डेटाबेसच्या लॉगिनच्या पानावर पेस्ट. यंत्राला काय वाचून दाखवायचंय?"

डेटाबेसचं दार उघडलं. हरिणीचं नाव त्यांनी एका बोटानं पुसलं. मग खाली बघत राहिल्या. "समोरच्या शेषम्मांच्या नातीचा नंबरही आहे हो. कुणालाही दिसला असता?"

"कुणालाही."

"थांबा, यांना दाखवते!"

सकाळी अनिरुद्धराव कोपऱ्यावर, वेताच्या खुर्चीत, धुतलेलं वेष्टी-धोतर नेसून. शेवटपर्यंत भांडत होते, "पण वाचलं कुणी? वाचलं तर कुणीच नाही!"

"बाहुली बोलत नाही, राव."

वैनींनी रात्रीच कळवलं होतं, शेषम्मा काठी टेकत आल्या. "काय रे, माझ्या नातीचा नंबर चव्हाट्यावर ठेवलास?"

मान डोलली.

"अक्कल गहाण?"

डोलली. दूधवाला थांबला, दोन ऑटो थांबल्या. मी तमिळमध्ये भाषांतर करत होतो, फुकट.

"ती फाइल साइटवरून उचलली का? पासवर्ड बदलला?" वैनींनी विचारलं. मान जोरात डोलली.

मग हरिणी पुढे आली. "अप्पा, माझ्या लग्नाचं मीच ठरवणार. चालेल?"

मान थांबली. रावांनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. ऑटोवाला ओरडला, "आट्टुंग सार, आट्टुंग!" म्हणजे, डोलवा!

आणि मान हळूच, पण सगळ्यांदेखत, डोलली.