उतरत्या इयत्ता

आमची नात दोन वर्षांपूर्वी सहावीत होती, गेल्या वर्षी पाचवीत, आणि यंदा ती चौथीत गेली.

ही माहिती तिच्याच तीन पत्रांतली. या काळात तिची उंची वाढली, अक्षर सुधारले आणि वय तेरा झाले. लेक आणि जावई परदेशात असतात. नातही तिकडेच वाढली. तराजू आणि वजने तपासण्यात माझी तीस वर्षे गेली. तीन मापे एकाच दिशेने सरकली, तर ती हाताची चूक नसते, एवढे मला कळते.

“पोर मागे मागे चाललीय, आणि आपली लेक मूग गिळून बसलीय,” ही म्हणाली.

“नापास झालेलं मूल त्याच वर्गात बसतं. खाली ढकलत नाहीत.”

“तुमचं शास्त्र ठेवा तुमच्यापाशी. तिला इकडे आणायचं.”

आणायचे हे ठरलेच होते. हिने मधली खोली रिकामी केली, शिवणयंत्र बाहेर काढले, टेबल खिडकीशी सरकवले. मी विरोध केला नाही. टेबलाचा एक पाय आखूड होता; त्याखाली फळीचा तुकडा ठोकला आणि वर पाणसळ ठेवून टेबल समपातळीत आल्याचे तपासले.

दर रविवारी फोन होत असे. सर्दी, हवा, जेवण, सगळे विचारून व्हायचे. शाळेचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

मग ही कोपऱ्यावरच्या शाळेत जाऊन आली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आठवीत घेऊ, पण आधीच्या शाळेचा दाखला लागेल. तेव्हा विचारणे भाग पडले. फोन नातीनेच उचलला.

“नापास? आजी, मी वर्गात दुसरी आले!”

“मग चौथीत कशी गं?”

“अगं, इथे मोठ्या शाळेत उलटं मोजतात. सहावी, पाचवी, चौथी, अशी पहिलीपर्यंत. त्यानंतरच्या शेवटच्या वर्षाला आकडाच नाही.”

“म्हणजे पहिलीतली मुलं...”

“त्यांना मिशा असतात, आजी!”

ही हसली. “शहाणी गं माझी बाय,” म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन मधल्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

कारण असे. तिकडे मोठ्या शाळेच्या इयत्तांचे आकडे शाळेच्या अखेरीकडे उतरत जातात. मूल एक वर्ष पुढे गेले की आकडा एकाने कमी होतो. एका प्रश्नाने सुटणारी ही गोष्ट इतके दिवस सुटली नाही, त्याचे कारण वेगळे आहे. नात खरोखरच मागे पडत असेल, तर ती आमच्याकडे राहायला येईल, असे आम्हा दोघांनाही वाटत होते. म्हणून आम्ही विचारले नाही.