बाद केलेले आकडे

धाकटी समुद्रकाठच्या हवामान केंद्रात अकरा वर्षं फुगे सोडत होती. घरी-दारी सगळे तिला धाकटीच म्हणत. त्या सकाळी फुग्याला बांधलेल्या यंत्राने वरून पाठवलेले आकडे घेऊन ती केंद्रप्रमुख साहेबांकडे धावली. जमिनीपासून सहा किलोमीटरपर्यंत हवा बाष्पाने गच्च होती, आणि वारा ती सरळ डोंगरांकडे रेटत होता.

"यंत्र ढगात भिजलंय," साहेब म्हणाले. "हे पाठवलं तर वरचे लोक हसतील. बाद करा."

"साहेब, ही हवा डोंगराला अडली की वर चढणार, गार होणार आणि सगळं पाणी तिथेच ओतणार."

"मला शिकवताय?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. साहेब मीटिंगला गेले तसा तिने कुणाला न विचारता दुसरा फुगा सोडला. आकडे तेच. साहेबांनी आल्यावर तेही बाद केले आणि वर तिच्याच हातात मेमो ठेवला.

तिने जिन्यात जाऊन ताईला फोन लावला. ताईचं घर डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याला लागून.

"ताई, पोरींना घे आणि टेकडीवरच्या शाळेत जा. आत्ता!"

"डोकं फिरलंय का तुझं? इथे लख्ख ऊन आहे. गाद्या वाळत घातल्यात मी."

"बाष्प डोळ्यांना दिसतं का गं? अख्खी नदी हवेतून तुमच्याकडे निघालीये."

ताई कुरकुरत का होईना, गेली. चार वाजता आभाळ फाटलं. तासाभरात ओढा घरांत शिरला. शेजारचे टेलरकाका शिलाई मशीन बाहेर ओढायला म्हणून थांबले, ते गेलेच.

तिसऱ्या दिवशी रस्ता सुरू झाला तशी धाकटी शाळेत पोचली. ताई तिच्या गळ्यात पडली नाही.

"मला सांगितलंस. काकांना का नाही?"

"तू सांगायचंस ना!"

"सांगितलं. हसले ते. केंद्रातून फोन आला असता तर हसले असते?"

"मला परवानगी नाही, ताई. नोकरी गेली असती."

"मग तुझ्यात आणि तुझ्या साहेबात फरक काय?"

धाकटी परतीच्या बसमध्ये दात-ओठ खात बसली. राग साहेबांचा होता, ताईचा होता. पण सगळ्यात जास्त, ताईचं खरं होतं याचा होता.

केंद्रात साहेब एका बातमीदाराला सांगत होते, "निसर्गापुढे कुणाचं चालतं? कसलीच पूर्वसूचना नव्हती."

धाकटीने दोन्ही फुग्यांच्या आकड्यांचे कागद टेबलावर आपटले. "होती! सकाळी एकदा, दुपारी एकदा. यांनी बाद केली. आणि मी फक्त माझ्या बहिणीला सांगितलं. हेही छापा, माझ्या नावानिशी."

"बाहेर व्हा!" साहेब ओरडले.

"छापल्याशिवाय नाही."

छापून आलं. धाकटी निलंबित झाली, आणि चौकशी बसली. ताईने फोन केला नाही. पण चौकशीच्या दिवशी ती टेलरकाकांच्या बायकोला हाताला धरून घेऊन आली आणि पहिल्या रांगेत बसली. धाकटीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. साहेब उठले, घसा खाकरून म्हणाले, "यंत्रात बिघाड असल्यामुळे..."

"दोन्ही यंत्रांत?" ताई जागेवरूनच कडाडली. "या बाईंच्या तोंडाकडे बघा आणि पुन्हा बोला."

साहेब खाली बसले.