उस्तादांची ट्रायल

"तुमच्या उस्तादांना म्हणावं, एकदा माझ्यामागे बसून दवाखान्याचा चढ चढून दाखवा!" नर्सबाई दारातूनच ओरडत आली आणि तिने हेल्मेट माझ्या बाकावर आपटलं. "इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही. सायकलवाला माझ्या आधी वर पोचला हो!"

महिन्यातली ही चौथी तक्रार. गाडी उघडली तर क्लचच्या प्लेटा जळून काळ्याठिक्कर, वास असा की नाक धरावं. गिअर बदलताना जरा खट्ट वाजतं, एवढ्यासाठी बाईने दहा दिवसांपूर्वी ती आणली होती. उस्तादांनी स्वतः दुरुस्त केली, स्वतः ट्रायल मारली आणि "लोणी झालंय बघा बाई" म्हणून चावी दिली.

क्लचच्या लिव्हरला मी बोट लावलं आणि चमकलोच. लिव्हरला थोडी ढील ठेवायची असते, हे गॅरेजमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. इथे ढीलच नव्हती. केबल इतकी ताणली होती की लिव्हर अर्धवट दाबली तरी क्लच पुरता सुटावा. सोय झकास, पण अशा गाडीचा क्लच कधी घट्ट धरत नाही. तो घासत राहतो आणि जळतो. आधीच्या तिन्ही गाड्या काढून पाहिल्या. सगळीकडे तोच प्रकार.

अर्धवट दाबून काम व्हावं अशी गरज कुणाला असते? ज्याला पूर्ण दाबता येत नाही त्याला. मग एकेक गोष्ट आठवत गेली. वर्षभरापासून उस्ताद चहाचा कप उजव्याच हातात घेत होते. शर्टाच्या बाह्या दुमडणं त्यांनी सोडलं होतं. डावा हात सतत खिशात. क्लच दाबायचा तो डाव्या हाताने, आणि त्या हातात जोरच उरला नव्हता; क्लच अर्धाच दाबला जायचा, म्हणून प्रत्येक गाडीचा गिअर त्यांना खट्ट वाजायचा. आणि बिघाड आपल्यात असेल हे काही त्या माणसाच्या डोक्यात शिरलं नाही. सगळ्या गावाच्या गाड्या बिघडल्यात असं धरून ते केबली आवळत सुटले होते.

भला माणूस असता तर त्यांना बाजूला घेऊन सांगितलं असतं. मी तसं केलं नाही, खोटं कशाला बोलू. एकोणीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली होती. शिकत असताना माझ्याकडून गिअर वाजला की माझ्या डाव्या हाताच्या पेरांवर पान्याचा फटका बसायचा. "गिअर पडलेला पायाला कळला पाहिजे, गाढवा, कानाला नाही!" मधल्या बोटाचं नख अजून वाकडंच उगवतं. हे सगळं गिऱ्हाइकांसमोर. आणि एवढं शिकूनही एकोणीस वर्षांत एक ट्रायल माझ्या वाट्याला आली नाही. गॅरेजमधून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी शेवटचा फेरा उस्तादांच्या हाताने मारायची. मी मागितली की म्हणायचे, "तू नट आवळ."

मी सरळ मालकांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

मालकांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःची मोटारसायकल पुढे काढली. नवी कोरी, आदल्याच आठवड्यात घेतलेली. "उस्ताद, गिअर जरा जड पडतोय. एक चक्कर मारून सांगा बरं." नर्सबाई गाडी न्यायला आली होती, तिलाही त्यांनी थांबवून घेतलं. बाकीचे फिटर हातातलं काम टाकून दाराशी जमले.

उस्ताद गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि वळून आले. जाताना खट्ट, येताना खट्ट. उतरले, कपाळाला आठ्या. "मालक, फसवलंय तुम्हाला. आतून दोष आहे. गिअरबॉक्स उघडावा लागेल."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मालक म्हणाले, "असं? मग हा चालवून बघू दे." आणि मला खूण केली.

मी तोच फेरा मारला. चारही गिअर वर नेले, चारही खाली आणले. चिमणीच्या पंखाएवढाही आवाज नाही. परत आलो तेव्हा उस्ताद माझ्याकडे नाही, लिव्हरवरच्या माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. तेव्हाच त्यांना कळलं असावं. तिथे थांबायला हरकत नव्हती.

मी नाही थांबलो. हात पुढे केला. "दाबा, उस्ताद."

"काय पोरखेळ लावलाय?"

"दाबा ना. डाव्याने."

त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालक हाताची घडी घालून उभे. मग खिशातला हात बाहेर आला आणि माझा पंजा त्यांनी धरला. त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या, ओठ दातांखाली गेला. माझ्या हाताला नुसती ऊब जाणवत होती.

"लावा की जोर," मी म्हणालो.

"लावलाय," ते हळूच म्हणाले.

"घरी बरणीचं झाकण तरी निघतं का हो?" मालकांनी विचारलं आणि सगळे खो खो हसले. मीही हसलो. फक्त नर्सबाई हसली नाही. "अहो, हे डॉक्टरला दाखवलंय का? कधीपासून आहे?" असं ती विचारत होती, पण त्या हसण्यात तिचं कोण ऐकतो?

मालकांनी तिथल्या तिथे निकाल लावला. उद्यापासून ट्रायल मी मारायची. उस्तादांनी गॅरेजच्या मागच्या बाजूला बसून रॉकेलच्या तसराळ्यात नटबोल्ट धुवायचे. "आणि तुमची गाडी इथेच ठेवा, उस्ताद. रस्त्यात कुणाला तरी उडवाल."

संध्याकाळी त्यांना घरी सोडायचं काम माझ्याकडेच आलं. ते मागे बसले आणि त्यांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या मागे बसले होते. माझी मस्ती अजून उतरली नव्हती. मी मुद्दाम क्लच अर्धाच दाबला आणि पहिल्याचा दुसरा टाकला. खट्ट! दुसऱ्याचा तिसरा. खट्ट! गाडीला असा हिसका बसला की आमची हेल्मेटं एकमेकांवर आदळली.

मी वाट बघत होतो. आता म्हणतील गाढवा. आता पाठीत एक गुद्दा बसेल. तेवढं झालं असतं तर बरं झालं असतं, मी गाडी बाजूला घेऊन त्यांची माफीसुद्धा मागितली असती.

मागून खाकरल्याचा आवाज आला. "छान पडला गिअर," उस्ताद म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "हात बसलाय तुझा. मालकांना सांग हं, मी असं म्हणालो म्हणून. नट धुवायला का होईना, ठेवतील ना रे मला?"

मी "हो" म्हणालो, पण ते त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

उरलेल्या रस्त्यात मी एकही गिअर वाजू दिला नाही. लिव्हर पार मुठीपर्यंत दाबत होतो. आणि दर वेळी, माझ्या क्षणभर आधी, खांद्यावरची ती बोटं आवळली जात होती. वेळ अगदी अचूक. शर्टाला मात्र चुणीही पडत नव्हती.