बाबांच्या फायली

नवा कॉम्प्युटर सकाळपासून माझा अंत पाहत होता. पेटी एवढी दांडगी की टेबलाखाली जेमतेम मावलेली, आतले पंखे घोंघावतायत, आणि बाबा दुरुस्त करतात त्या फोटोवर पेन टेकवलं की ठिपका उमटायला अख्खा एक श्वास जातोय. मोठं घर पोकळ वासा, दुसरं काय! मी खुर्चीवरून उठत होते, खिडकीपाशी जात होते, परत येऊन बसत होते.

बाबांनी आयुष्यभर फोटोंचं रिटचिंग केलं, चेहऱ्यांवरचे डाग-ओरखडे बुजवले. आधी निगेटिव्हवर, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं. आता माझ्या स्टुडिओत, स्क्रीनसमोरच्या काळ्या पाटीवर डिजिटल पेननं. आई गेल्यापासून ते सकाळी उठून दाढी करतात ते या टेबलासाठी, हे मला ठाऊक होतं. आणि काल स्क्रीन तिसऱ्यांदा गोठली तेव्हा त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला आणि म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं, असं माझं होत असेल तर सरळ सांग. उद्यापासून मी येत नाही."

हसत म्हणाले, पण डबी लगेच खिशात गेली. म्हणून आज मला बिघाड सापडायलाच हवा होता, आणि तो यंत्रातच सापडायला हवा होता.

मी दिराला फोन लावला. कॉम्प्युटर दुरुस्ती हा त्याचा धंदा. घरात त्याला सगळे 'प्लग' म्हणतात, कारण त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"वहिनी, प्लग नीट बसलाय ना?"

"भावजी, स्क्रीन समोर चालू आहे. प्लगशिवाय चालू आहे का?"

"चिडू नका हो. विचारावं लागतं."

त्याने तिकडून माझ्या स्क्रीनचा ताबा घेतला. बाण आपोआप इकडेतिकडे फिरू लागला आणि मी नुसती बघत बसले. नुसतं बसणं मला जमत नाही. मी पेनांचा डबा रिकामा करून पुन्हा भरला. त्याने ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर नवा टाकला, साठलेला कॅशे साफ केला, सॉफ्टवेअरला जास्त मेमरी दिली. मॉनिटरची केबल बरोबर जागी आहे का, हे मला टेबलाखाली वाकून बघायला लावलं. बरोबर जागी होती.

"मशीन ठणठणीत आहे, वहिनी."

"नीट बघा ना! काहीतरी असेलच."

"म्हणजे? ते खराब असावं असं वाटतंय का तुम्हाला?"

हो, वाटत होतं. अगदी मनापासून वाटत होतं. पण हे कुणाला सांगायचं?

बाहेरच्या खोलीत बाबा एका फ्रेमची काच पुसत होते. शेजारी मी ठेवलेला चहा तसाच होता. हल्ली चहाने पित्त होतं म्हणायचे.

"सगळ्याच फोटोंना असं होतं का?" प्लगने विचारलं.

मी स्वतः केलेला एका लग्नाचा अल्बम उघडला. फोटो सरसर पुढे सरकले. पेन टेकवायच्या आत ठिपका हजर. दुसरा अल्बम, तोही तसाच. मग बाबांनी केलेला एक बाळाचा फोटो उघडला आणि पंखे पुन्हा घोंघावू लागले.

"कधी होतं, कधी नाही," मी म्हटलं. धडधडीत खोटं.

"मला दिसतंय हो इकडे. ही फाईल कुणी केलीय?"

"बाबांनी."

"मग असं करा, आता जे काम चाललंय तो फोटो उघडा. आणि दुरुस्तीच्या जागा दाखवायचं बटण दाबा."

तो फोटो बेकरीवाल्या बाईंच्या आईचा होता. ओल लागून चेहऱ्याला बुरशीचे डाग पडलेले. बाईंच्या घरात आईचा दुसरा फोटो नव्हता. संध्याकाळी बाई न्यायला येणार होत्या. मी बटण दाबलं आणि तो चेहरा दिसेनासा झाला. आपण जिथे जिथे दुरुस्ती करतो तिथे सॉफ्टवेअर बारीक वर्तुळ काढून ठेवतं. इथे वर्तुळांवर वर्तुळं, त्यांच्यावर आणखी वर्तुळं. हजारो असतील. मी जिथे एक ठिपका देऊन पुढे गेले असते तिथे बाबांच्या ठिपक्यांचा घोळका. गालावरून एक रेघ निसटून वेडीवाकडी कानापर्यंत गेली होती, आणि तिच्या अंगाअंगाने ती बुजवणाऱ्या ठिपक्यांची रांग.

"बापरे," प्लग म्हणाला. "काका चुकलं की अनडू करत नाहीत का?"

नाही करत. मी शंभरदा शिकवून पाहिलं होतं. निगेटिव्ह खरवडली की वरचा थर जातो आणि चेहरा कायमचा बिघडतो, म्हणून त्यांच्या धंद्यात दिलेला ठिपका पुसायचा नसतो. त्याच्यावर दुसरा देऊन तो सावरायचा असतो. अनडूला ते खरवडणंच म्हणतात.

"म्हणून अडतंय. पेन टेकवलं की मशीनला हे सगळे ठिपके पहिल्यापासून पुन्हा द्यावे लागतात. सोपं आहे, थोडं काम झालं की सगळं एकत्र करून पक्की प्रत काढायची आणि पुढचं काम त्या प्रतीवर करायचं. पण वहिनी, काका एवढे ठिपके देतात तरी का?"

"सवय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! न प्यालेला चहा. बटणांच्या शर्टाऐवजी रोज घातलेला स्वेटर. स्टुडिओचं कुलूप 'तूच उघड गं' म्हणून माझ्या हातात दिलेली किल्ली. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी टेबलाखाली वाकून केबल शोधत होते.

"सापडला का बिघाड?" बाबा दारात उभे होते.

केबल सैल होती, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचा उजवा हात स्वेटरच्या खिशात होता, आणि तो खिसा हलत होता.

"बाबा, हात कधीपासून थरथरतोय?"

ते टेबलापाशी आले आणि स्क्रीनसमोर वाकले. मग म्हणाले, "ती वर्तुळं घालव बघू."

मी घालवली. बेकरीवाल्या बाईंची आई समोर आली.

"आता सांग. थरथर दिसते कुठे?"

मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. गाल, कपाळ, ओठांचे कोपरे, सगळं धुंडाळलं. खरं सांगते, मी चूक शोधायलाच बसले होते. चूक नव्हती. एक भुवई तेवढी करायची राहिली होती.

"नाही दिसत."

"मग झालं तर."

"काय झालं? मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला.

"सांगितलं असतं तर तू पेन काढून घेतलं असतंस."

घेतलं असतं. काळजीपोटी, प्रेमाने, वर चार समजुतीच्या गोष्टी सांगून घेतलं असतं. मला माझाच राग आला आणि रडूही आलं.

"आता नाही घेणार. पण उद्या डॉक्टरांकडे जायचं."

"जाऊ. आज ही भुवई होऊ दे."

मी पक्की प्रत काढली आणि खुर्ची सोडली. त्यांनी चष्मा लावला, खिशातला हात काढला, माझ्यादेखत डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पेन टेकवलं. ठिपका लगेच उमटला, जरा बाजूला. त्यावर दुसरा दिला. तोही लगेच उमटला.

"अगं, हे तर पळायलाच लागलं!"

मी आत जाऊन चहा गरम करून आणला. अर्धाच कप भरला होता. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पित्ताचं काही बोलले नाहीत. पेन खाली ठेवून दोन्ही हातांनी कप उचलला. थोडा चहा स्वेटरवर सांडला. तरी त्यांनी तो सगळा माझ्यासमोर बसून प्यायला.