वाटाड्यात भांडण नाही

कलगोंडा मास्तरांनी आठ वर्षं खपून एक ग्रंथ लिहिला होता. अर्वाचीन युरोपातले चाळीस तत्त्वज्ञ, मराठीत, प्रत्येकाला दोन पानं. नाव ‘वाटाड्या’. निपाणीच्या वाचनालयानं तो छापायचा की नाही, हे आज दुपारी ठरायचं होतं. मास्तर छपन्न वर्षांचे होते. दुसरा ग्रंथ त्यांच्या हातून होणार नव्हता.

आणि परीक्षक कोण? जिनाप्पा. बोरगावचा, त्यांच्याच हाताखाली शिकलेला, पुण्याहून एम. ए. होऊन आलेला.

गोष्ट इथून सुरू होते. नाही, इथून नको. त्यानं पहिला दगड मारला तिथून.

“मास्तर, चाळिसांपैकी मूळ ग्रंथ किती जणांचे वाचलेत?”

“तिघांचे.”

“आणि बाकीचे सदतीस?”

“इंग्रजीतल्या वाटाड्या पुस्तकांवरून.”

“म्हणजे उष्ट्याचं उष्टं.”

मास्तरांच्या कपाळाची शीर उठली. “बस्तीत जिनदेवापुढं बसून शास्त्र ऐकतोस न्हवं? मूळ गाथेतलं किती कळतंय रं तुला? पंडित टीका वाचाय लागला की मान डोलावतोस. तवा न्हाय लागत उष्टं?”

सभा हसली. समोरच्या वखारीतल्या तंबाखूनं सभेतले दोघंजण शिंकले, तेही हसत हसतच. मास्तरांना वाटलं, पोराला लोळवला.

जिनाप्पा हसला नाही. त्यानं बाड उघडलं आणि दोन नोंदी मोठ्यानं वाचल्या.

पान बारा. *डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, तेवढ्यातूनच ज्ञान येतं असं याचं मत. तेही एका अंगानं खरंच आहे.*

पान चौदा. *डोळे फसवतात, खरं ज्ञान बुद्धीतूनच येतं असं याचं मत. तेही एका अंगानं खरंच आहे.*

“दुसऱ्याचा पाया उखडण्यात पहिल्याची हयात गेली. तुम्ही दोघांना एका पंगतीत बसवलंत आणि सारखंच वाढलंत. चाळीसच्या चाळीस जेवून तृप्त! वाचणाऱ्याला यातून वाट कुठली दिसायची?”

“अरं, पण ह्येच तर झ्याक हाय!” अध्यक्ष आण्णाप्पा खूश होऊन म्हणाले. तंबाखूचे मोठे व्यापारी, वाचनालयात त्यांचा शब्द शेवटचा. “आपला जैनांचा अनेकान्त हाय ह्यो. कुणालाच खोटं म्हणायचं न्हाय. कुणाचं मन दुखत न्हाय. छापू या.”

म्हणजे मास्तर जिंकले.

“अध्यक्ष, अनेकान्तात कोणत्या बाजूनं खरं, हे सांगावं लागतं,” जिनाप्पा म्हणाला. “मास्तर, एकदा तरी सांगितलंय का?”

मास्तरांनी बाड पुढं ओढून पानं उलटली. सगळीकडं तेच वाक्य.

पहिल्या वर्षी ते वाक्य त्यांनी मनापासून लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी एका जर्मनाचं काहीच कळेना, तेव्हा तेच वाक्य टाकून त्यांनी नोंद मिटवली. मग सवय लागली. अडलं की वाक्य. अडलं की वाक्य. हे आजवर कुणालाही, स्वतःच्या बायकोला, राजमतीलाही, माहीत नव्हतं. या पोराला कळलं होतं.

त्यांना त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

“छापू नका,” ते म्हणाले.

“काय?”

“आत्ता न्हाय. परत लिहितो.”

आण्णाप्पांचा चेहरा उतरला. “मास्तर, मी धा जणांना गप बसवून आज ह्यो विषय आणलाय. आज न्हाय तर कवाच न्हाय. बघा.”

मास्तरांनी बाड उचललं आणि काखेत मारलं.

जिनाप्पा पायरीवर आडवा आला. चेहऱ्यावर विजय नव्हता, पण दयाही नव्हती.

“तू किती मूळ वाचलेस रं?” मास्तरांनी विचारलं.

“एक. तेही अर्धं.”

“मग त्यांची भांडणं तुला कुणी सांगितली?”

जिनाप्पानं मान वळवली. “वाटाड्यानंच. एक इंग्रजी आहे माझ्याकडं. कोण कुणावर का तुटून पडला, सगळं लिहिलंय त्यात. लपवलेलं काही नाही.”

मास्तरांनी बाड दुसऱ्या काखेत घेतलं.

“भाड्या, हे आधी घरी येऊन सांगता आलं नसतं?”

“तुम्ही ऐकलं असतं?”

मास्तर दोन पायऱ्या उतरले. वळले.

“माझ्या दारात पाय ठेवू नकोस,” ते म्हणाले. “ते इंग्रजी पुस्तक पोस्टानं धाड.”