साहेबांचा अंगठा

बाजाराच्या वळणावर गतिरोधक घाला, असं सांगून सांगून हाडांच्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडाला फेस आला होता. रोज तिथून कुणी ना कुणी मोडका पाय घेऊन त्यांच्याकडे यायचं. रस्त्यांचे इंजिनिअर साहेब मात्र ढिम्म.

"अहो बाई, गतिरोधक घातला तर गाड्यांचा वेग कमी होईल हो!" ते कळवळून म्हणायचे.

शेवटी साहेबांनी तोडगा काढलाच. वळणाला हात न लावता त्यांनी बाईंच्या दवाखान्यात खाटा वाढवून घेतल्या. नव्या वॉर्डाच्या उद्घाटनाला स्वतः आले, फीत कापली, मागे सरकले, आणि त्यांच्या अंगठ्यावरून स्ट्रेचरचं चाक गेलं. स्ट्रेचरवर अर्थातच वळणावरचा ताजा पेशंट.

"काय हा वेग! माणसं मरतील अशानं!" साहेब एका पायावर नाचत ओरडले.

दुसऱ्याच दिवशी गतिरोधक झाला, वॉर्डाच्या दारात! चांगला पिवळे पट्टे मारलेला. त्यावरून पहिलं स्ट्रेचर उडालं तशी वरची म्हातारी किंचाळली, "अगं बाई, हा वळणावर का नाही घातला?"

"आजी," डॉक्टरीणबाई दात-ओठ खात म्हणाल्या, "तिथून साहेब पायी जात नाहीत ना!"