कमलाबाईंची टॅरो कॅसेट

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. १९९८ साली कुवेतहून सुट्टीवर आलेल्या हमीदभाईंनी मला रत्नागिरीत आणलं आणि शेजारच्या कमलाबाईंना भेट दिलं.

कमलाबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. आवाज खणखणीत. टॅरोचे पत्ते मांडून भविष्य सांगायचा त्यांना नाद होता. दर रविवारी त्या माझं लाल बटण दाबून आठवड्याचं भविष्य बोलत. मी दोन कप्प्यांचा, म्हणून प्रतीही मीच काढायचो. मग कॅसेटी एस.टी.ने गावोगाव जात. दुसरी बाजू कोरी असे; ऐकणाऱ्यांनी तिच्यावर आपलं मत भरून कॅसेट परत धाडायची.

ती मतं आम्ही दोघं कान देऊन ऐकायचो. शाळेतल्या करुणाबाईंना पत्त्यावरचं चित्र सावकाश सांगितलेलं आवडे, पण सुरुवातीची लांबलचक बासरी नकोशी होई. रहिमाभाभी आपलं नाव घेतलं की खूश. कमलाबाईंच्या भाच्याच्या दुकानाची जाहिरात आली की चिडत. एका तक्रारीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. "होईल, नाहीतर होणारही नाही, असं काय बोलता? ठाम सांगा की!"

मग कमलाबाई ठाम बोलू लागल्या. ऐकणारे दुपटीने वाढले. माझंही कौतुक झालं, अंगावर भरतकामाचं झाकण आलं.

२००२ सालची गोष्ट. त्या रविवारी उलट्या टांगलेल्या माणसाचा पत्ता निघाला. "थांबा!" कमलाबाई म्हणाल्या. "या आठवड्यात कुठलंही मोठं पाऊल उचलू नका."

गुरुवारी सकाळी राजापूरजवळच्या चिमाची कॅसेट परत आली. आवाज कण्हत होता. "बाय, पोटात जाम दुखतंय. डॉक्टर बोलले, अपेंडिक्स हाय, आजच रत्नागिरीला जाऊन ऑपरेशन करा. पण तुमी थांबा बोललात, म्हणून थांबलंय. तुमी ठाम बोलता, ता माका आवडता."

कमलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी चिमाच्या गावातल्या दुकानात फोन लावला, लागेना. त्यांनी मला पिशवीत टाकलं आणि राजापूरची गाडी पकडली. घाटातल्या प्रत्येक वळणावर त्या माझी मूठ घट्ट आवळत होत्या.

चिमा तापाने फणफणली होती. नवरा गंगाराम उशाशी बसलेला. "जीप सांगून ठेवलीय, पण ही उठतच नाय," तो म्हणाला.

"चिमा, मी कमलाबाई. ऊठ, दवाखान्यात चल."

चिमाने डोळे किलकिले केले. "तुमी त्या न्हवं. त्यांचा आवाज असा नाय."

खरंच, धावून आणि घाबरून कमलाबाईंचा आवाज पार चिरकला होता. मग त्या घोटभर पाणी प्यायल्या, आवाज सावरला, मला ओसरीवर नेलं आणि लाल बटण दाबलं. टेप फिरवणारा माझा आतला पट्टा महिनाभर सैल होता. टेप गुंतली तर? मी जीव मुठीत धरून फिरत राहिलो.

मग टेप मागे फिरवून चिमाच्या कानाशी मला लावलं, आणि माझ्यातून नेहमीचा खणखणीत आवाज निघाला. "चिमा, मी कमलाबाई बोलते आहे. माझं चुकलं. पत्त्याला तुझं पोट दिसत नाही, डॉक्टरांना दिसतं. आत्ता ऊठ."

चिमाने गंगारामचा हात धरला आणि ती उठली.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. "आणखी थांबला असतात तर हाताबाहेर गेलं असतं," डॉक्टर म्हणाले. कमलाबाई बाकावर बसून ओक्साबोक्शी रडल्या. चिमा वाचली.

पुढच्या रविवारी कमलाबाईंनी आधी हीच हकीकत सांगितली, स्वतःची चूक लपवली नाही. "आजारपणाबद्दल पत्त्यांना विचारू नका," असं त्यांनी बजावलं. कित्येकांना ते रुचलं नाही. निम्म्या घरांनी कॅसेट बंद केली. त्या बधल्या नाहीत.

मित्रांनो, आता मी माळ्यावर आहे. कधीतरी माझ्यावरची धूळ झटका, एवढंच मागणं. आणि एक लक्षात ठेवा. मी यंत्र; जे भरलं तेच बोललो, थांब म्हणालो तेही आणि ऊठ म्हणालो तेही. त्यातलं खरं कुठलं, हे मला कधीच कळलं नसतं. ते पारखायला देवाने बुद्धी दिली आहे ती तुम्हाला.